इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घर भाड्याने देताना: लेटिंग एजंटच्या शुल्काचा हिशोब कसा मांडावा

इंग्लंडमध्ये स्वतःचे घर असलेली अनेक मराठी कुटुंबे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातात, काही वर्षांसाठी भारतात परततात किंवा मोठे घर घेतल्यावर जुने घर विकण्याऐवजी भाड्याने द्यायचे ठरवतात. घर भाड्याने देण्याचा अनुभव नसल्यामुळे साहजिकच लेटिंग एजंट गाठला जातो आणि त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो कमिशनच्या टक्क्यांचा. हा प्रश्न विचारायलाच हवा. पण केवळ त्याच्या उत्तरावरून एजंट निवडला, तर पहिल्या महिन्याचे भाडे जमा होते तेव्हा अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम खात्यात दिसते आणि कपातींची यादी वाचून मन खट्टू होते. टक्केवारी हा एजंटच्या शुल्काचा एक भाग आहे. बाकीचे भाग करारात, दरपत्रकाच्या तळटिपांत आणि दुरुस्तीच्या बिलांत विखुरलेले असतात. ते सगळे एकत्र करून वर्षाला एकूण किती पौंड जाणार आहेत, हे सही करण्याआधी कागदावर मांडले पाहिजे. ते कसे मांडावे, हे येथे सांगितले आहे. नियम इंग्लंडचे आहेत; वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

खर्च घरमालकाकडे का आला

१ जून २०१९ रोजी इंग्लंडमध्ये टेनंट फीज अ‍ॅक्ट लागू झाला. त्यापूर्वी भाडेकरूची पार्श्वभूमी तपासणे, करार तयार करणे, घरातील सामानाची इन्व्हेंटरी करणे, कराराचे नूतनीकरण करणे अशा कामांचे पैसे एजंट भाडेकरूकडून घेत असत आणि अनेकदा त्याच कामांसाठी घरमालकाकडूनही घेत असत. नव्या कायद्याने भाडेकरूकडून घेता येणाऱ्या रकमा मोजक्याच ठेवल्या. भाडे आणि अनामत रक्कम घेता येते. घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतके होल्डिंग डिपॉझिट घेता येते. भाडेकरूनेच करारात बदल मागितला तर साधारणपणे ५० पौंडांपर्यंत शुल्क लावता येते. हरवलेल्या किल्लीचा वाजवी खर्च मागता येतो. आणि भाडे १४ दिवसांहून अधिक थकले तर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा फार तर ३ टक्के जास्त दराने व्याज आकारता येते. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

याचा परिणाम असा झाला की पूर्वी दोघांकडून वसूल होणारा खर्च आता एकट्या घरमालकाच्या नावावर येतो. हा बदल मला न्याय्य वाटतो, कारण एजंटला काम घरमालकाने दिलेले असते आणि एजंट निवडण्याचा अधिकारही त्याचाच असतो. मात्र दरपत्रक इतके लांबलचक का झाले, याचे उत्तर या कायद्यात आहे, हे ध्यानात ठेवावे. एखादा एजंट जर म्हणाला, की पार्श्वभूमी तपासणीचे पैसे आपण भाडेकरूकडून घेऊ, तुम्हाला ते पडणार नाहीत, तर तो बेकायदा मार्ग सुचवत आहे. पहिल्या उल्लंघनासाठी ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा तसेच घडले तर दंड ३०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. अशा एजंटकडे घर सोपवू नये, मग त्याचा दर कितीही कमी असो.

सेवेचे तीन प्रकार

बहुतेक एजंट तीन पातळ्यांवर काम घेतात. पहिल्या प्रकारात ते फक्त भाडेकरू शोधून देतात: घराची छायाचित्रे काढणे, जाहिरात करणे, लोकांना घर दाखवणे, पार्श्वभूमी तपासणे आणि करार करून देणे, इथपर्यंत त्यांचे काम असते. दुसऱ्या प्रकारात ते याशिवाय दरमहा भाडे गोळा करतात आणि थकले तर पाठपुरावा करतात. तिसरा प्रकार पूर्ण व्यवस्थापनाचा. त्यात भाडेकरूच्या तक्रारी ऐकणे, दुरुस्त्या करवून घेणे, ठरावीक काळाने घराची पाहणी करणे आणि भाडेकरू सोडून जाताना अनामत रकमेचा हिशोब करणे हेही येते. फक्त भाडेकरू शोधण्यासाठी साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या आसपास रक्कम मागितली जाते, तर पूर्ण व्यवस्थापनाचा दर बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या १० ते १५ टक्के अधिक व्हॅट असा असतो आणि लंडनमध्ये त्याहून चढा असतो. याशिवाय ठरावीक रकमेत जाहिरात करून देणारे ऑनलाइन एजंटही आहेत. राइटमूव्हसारख्या मोठ्या संकेतस्थळावर घरमालकाला थेट जाहिरात देता येत नाही, ती एजंटमार्फतच द्यावी लागते, म्हणून स्वतः सगळे सांभाळणारे घरमालकही निदान जाहिरातीपुरते अशा एजंटकडे जातात.

नावे सगळीकडे सारखी असली तरी त्यात काय येते, हे प्रत्येक एजंटचे वेगळे असते. एकाच्या पूर्ण व्यवस्थापनात वर्षाच्या दोन पाहण्या धरलेल्या असतात, तर दुसरा प्रत्येक पाहणीचे वेगळे पैसे लावतो. म्हणून सेवेचे नाव वाचून समाधान मानू नये. त्या नावाखाली नेमकी कोणती कामे करणार आणि कोणत्या कामांचे वेगळे पैसे घेणार, हे लेखी मागावे.

घर जवळ असेल, हाताशी भरवशाचा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन असेल आणि रविवारी सकाळी भाडेकरूचा फोन घ्यायची तयारी असेल, तर पहिला प्रकार पुरेसा आहे. भारतात किंवा चार तासांच्या अंतरावर राहणाऱ्याने मात्र पूर्ण व्यवस्थापनाचे पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. त्याचबरोबर हेही समजून घ्यावे, की पूर्ण व्यवस्थापन घेतले तरी कायद्यासमोरची जबाबदारी बव्हंशी घरमालकाचीच राहते. अनामत रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांत ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित केली नाही, तर न्यायालय भाडेकरूला त्या रकमेच्या एकपट ते तिप्पट भरपाई द्यायला सांगू शकते आणि एजंटने विसरले, हे सांगून घरमालकाची सुटका होत नाही. गॅसची वार्षिक तपासणी आणि दर पाच वर्षांनी होणारी विजेच्या जोडणीची तपासणी यांनाही हेच लागू आहे. एक अपवाद उपयोगाचा आहे: भाडेकरूला इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेण्याचा अधिकार आहे की नाही, ही जी राइट टू रेंट तपासणी करावी लागते, तिची जबाबदारी लेखी कराराने एजंटवर सोपवता येते. या तपासणीतल्या चुकीसाठी पहिल्याच वेळी दर रहिवाशामागे १०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून हे वाक्य करारात आहे की नाही, ते आवर्जून पाहावे.

व्हॅट धरूनच आकडा लिहा

एजंट बोलताना बारा टक्के म्हणतो. त्यावर २० टक्के व्हॅट चढला, की प्रत्यक्ष कपात १४.४ टक्के होते. व्हॅटची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला हा कर परत मागता येतो, पण राहते घर भाड्याने देणाऱ्या सर्वसामान्य घरमालकाला तो परत मिळत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी तो खर्चच आहे. उलाढाल कमी असलेले काही छोटे एजंट व्हॅटसाठी नोंदलेले नसतात. त्यांचा तेरा टक्क्यांचा दर नोंदणीकृत एजंटच्या बारा टक्क्यांपेक्षा स्वस्त पडतो.

कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ नुसार एजंटने आपल्या सर्व शुल्कांची यादी, करासहित, कार्यालयात ठळकपणे आणि आपल्या संकेतस्थळावर लावणे बंधनकारक आहे. यात भाडेकरूच्या शुल्काबरोबर घरमालकाची शुल्केही येतात. म्हणजे दरपत्रक मागण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. जो एजंट यादी दाखवायला टाळाटाळ करतो आणि आधी घर बघू, मग आकड्यांचे बोलू, असे म्हणतो, तो कायद्याने आधीच उघड करायला सांगितलेली गोष्ट लपवत असतो.

एका घराचा हिशोब

समजा, घराचे भाडे महिना १,२०० पौंड आहे, म्हणजे वर्षाचे १४,४०० पौंड. दोन एजंटांकडून पूर्ण व्यवस्थापनाचे दर आले आहेत. पहिला १४ टक्के अधिक व्हॅट मागतो आणि सुरुवातीचे शुल्क म्हणून २०० पौंड अधिक व्हॅट घेतो. इन्व्हेंटरी, पार्श्वभूमी तपासणी, अनामत रकमेची नोंदणी आणि पाहण्या त्याने दरातच धरल्या आहेत. दुसरा १० टक्के अधिक व्हॅट मागतो आणि त्याचा दर ऐकताक्षणी कमी वाटतो. मात्र त्याच्या यादीत सुरुवातीचे शुल्क ४५० पौंड, इन्व्हेंटरी १५० पौंड, भाडेकरू राहायला येतानाची चेक-इन नोंद ८० पौंड, दोन प्रौढ भाडेकरूंची पार्श्वभूमी तपासणी प्रत्येकी ६० पौंड, अनामत रकमेची नोंदणी ४० पौंड आणि वर्षातल्या चार पाहण्या प्रत्येकी ४० पौंड अशा नोंदी आहेत, आणि या सगळ्यांवर व्हॅट आहे.

पहिल्या एजंटचे कमिशन व्हॅट धरून १६.८ टक्के, म्हणजे वर्षाला २,४१९.२० पौंड होते. त्यात सुरुवातीचे २४० पौंड मिळवले, की पहिल्या वर्षाचा खर्च २,६५९.२० पौंड. दुसऱ्या एजंटचे कमिशन व्हॅटसह १२ टक्के, म्हणजे १,७२८ पौंड. त्यात सुरुवातीचे ५४०, इन्व्हेंटरीचे १८०, चेक-इनचे ९६, तपासणीचे १४४, नोंदणीचे ४८ आणि पाहण्यांचे १९२ पौंड मिळवल्यावर बेरीज २,९२८ पौंडांवर जाते. दहा टक्केवाला एजंट पहिल्या वर्षी चौदा टक्केवाल्यापेक्षा २६८.८० पौंडांनी महाग पडला.

इथे थांबून निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. तोच भाडेकरू दुसऱ्या वर्षीही राहिला, तर दुसऱ्या एजंटचा खर्च कमिशन आणि पाहण्या मिळून १,९२० पौंडांवर येतो, तर पहिल्याचा २,४१९.२० पौंड राहतो. दोन वर्षांची बेरीज पहिल्या एजंटची ५,०७८.४० आणि दुसऱ्याची ४,८४८ पौंड होते. आता दुसरा २३०.४० पौंडांनी स्वस्त आहे. याचा अर्थ भाडेकरू किती काळ टिकण्याची शक्यता आहे, यावर उत्तर अवलंबून असते. विद्यापीठाजवळच्या घरात दरवर्षी नवे भाडेकरू येत असतील, तर सुरुवातीची शुल्के दरवर्षी नव्याने भरावी लागतील आणि सर्वसमावेशक दर परवडेल. चांगल्या शाळेजवळच्या घरात मुले असलेले कुटुंब चार-पाच वर्षे राहण्याचा संभव असेल, तर कमी टक्केवारीचा फायदा दरवर्षी वाढत जाईल. म्हणून कागदावर तीन रकाने करावेत: पहिले वर्ष, त्याच भाडेकरूचे दुसरे वर्ष, आणि भाडेकरू बदलला तर दुसरे वर्ष. प्रत्येक एजंटसाठी हे तीन आकडे भरले, की तुलना खरी होते.

यादीतली काही शुल्के वाजवी आहेत आणि काही तपासण्यासारखी. छायाचित्रांसह केलेल्या सविस्तर इन्व्हेंटरीचे पैसे द्यावेत, कारण भाडेकरू सोडून जाताना बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावरचा इस्त्रीचा डाग आधीचा की नंतरचा, हा वाद निघाला, तर अनामत योजनेचा निवाडा करणारा अधिकारी इन्व्हेंटरीच पाहतो आणि ती नसेल तर घरमालकाचा दावा टिकणे अवघड होते. अनामत रकमेच्या नोंदणीचे शुल्क मात्र विचारून घ्यावे. सरकारमान्य तिन्ही योजनांमध्ये रक्कम योजनेकडेच ठेवण्याची सोय घरमालकासाठी मोफत आहे, त्यामुळे एजंट जे मागतो ते फक्त अर्ज भरण्याच्या कामाचे असते. गॅस आणि विजेच्या तपासण्यांची प्रमाणपत्रेही एजंट स्वतःची रक्कम वर चढवून देतात. गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेल्या तंत्रज्ञाकडून थेट दर मागवला, तर फरक लगेच कळतो.

सही करण्याआधी वाचायची कलमे

एजंटशी होणारा करार दहा-बारा पानांचा असतो आणि तो भाडेकरूशी होणाऱ्या करारापेक्षा वेगळा असतो. पैशांच्या दृष्टीने त्यातली पाच कलमे महत्त्वाची आहेत.

पहिले कलम नूतनीकरणाच्या कमिशनचे. एजंटने शोधलेला भाडेकरू राहतो तोपर्यंत, एजंट काही काम करो वा न करो, दरवर्षी कमिशन देत राहावे, अशी अट अनेक करारांत असे. २००९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग (ग्राहकहित पाहणारी तेव्हाची सरकारी संस्था) विरुद्ध फॉक्सटन्स (एक लेटिंग एजंट कंपनी) या खटल्यात अशा अटी ग्राहक असलेल्या घरमालकांवर अन्यायकारक ठरवल्या, कारण इतकी मोठी आर्थिक जबाबदारी बारीक अक्षरांत दडवली होती आणि भाडेकरूने पुढे ते घर विकत घेतले तरी कमिशन मागण्याची तरतूदही त्यात होती. त्यानंतर अशा अटी ठळकपणे लिहिण्याची पद्धत आली, पण अटी गेल्या नाहीत.

रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ मुळे या कलमाचा पायाच बदलला आहे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरारांना ठरावीक मुदत राहिलेली नाही. करार पहिल्या दिवसापासून महिन्यामागून महिना चालतो, भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन तो संपवू शकतो आणि कारण न देता घर रिकामे करून घेण्याची हाउसिंग अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम २१ ची वाट बंद झाली आहे. मुदतच नसेल तर नूतनीकरण कशाचे, हा प्रश्न एजंटला सरळ विचारावा. जुन्या नमुन्यावरच्या करारात नूतनीकरणाचे शुल्क तसेच राहिले असेल, तर ते खोडून घ्यावे. आणि तेच शुल्क वार्षिक प्रशासन शुल्क किंवा भाडे-आढावा शुल्क अशा नव्या नावाने आले असेल, तर त्याबदल्यात काय काम होणार, ते विचारावे. भाडे वाढवायचे असेल तर त्याच हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम १३ खाली वर्षातून एकदाच, दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. ती तयार करून बजावण्याचे वाजवी पैसे मागितले तर समजण्यासारखे आहे. भाडे न वाढवताही दरवर्षी ठरावीक रक्कम कापणे समजण्यासारखे नाही.

दुसरे कलम कमिशन कधी कापणार, याचे. फक्त भाडेकरू शोधणारे काही एजंट बारा महिन्यांचे कमिशन सुरुवातीलाच मागतात. वरच्याच घरासाठी १० टक्के अधिक व्हॅट धरला तर ही रक्कम १,७२८ पौंड होते, म्हणजे पहिल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. नव्या कायद्याने एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात घरमालकाला काहीच मिळणार नाही आणि वर ५२८ पौंडांचे बिल येईल. त्याहून गंभीर बाब अशी, की भाडेकरू चार महिन्यांनी निघून गेला, तरी आठ महिन्यांचे कमिशन एजंटकडेच अडकते. म्हणून कमिशन दरमहा कापावे, किंवा भाडेकरू लवकर गेल्यास उरलेल्या महिन्यांचे कमिशन परत द्यावे, असे वाक्य करारात घालून घ्यावे. माझ्या मते पहिल्यांदा घर देणाऱ्याने ज्या एका गोष्टीवर अडून बसावे, ती हीच आहे.

तिसरे कलम कमिशन कशावर मोजणार, याचे. जमा झालेल्या भाड्यावर की येणे असलेल्या भाड्यावर, हा फरक वाचताना नजरेतून निसटतो. येणे असलेल्या भाड्यावर कमिशन असेल, तर भाडेकरूने दोन महिने भाडे थकवले तरी एजंट आपला वाटा मागू शकतो. जमा झालेल्या भाड्यावर कमिशन असेल, तर भाडे वसूल करण्यात एजंटचाही स्वार्थ राहतो, आणि तो राहिलेला बरा.

चौथे कलम दुरुस्त्यांचे. समजा, स्वयंपाकघरातला नळ गळतो. एजंटने पाठवलेला प्लंबर ९६ पौंडांचे बिल देतो. करारात दुरुस्तीच्या बिलावर १० टक्के व्यवस्था शुल्क लिहिलेले असेल, तर त्यावर ९.६० पौंड आणि त्या रकमेवरचा व्हॅट १.९२ पौंड चढून महिन्याच्या विवरणपत्रात १०७.५२ पौंडांची कपात दिसते. नळाच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे. बॉयलर बदलण्याचा खर्च ३,००० पौंड आला, तर त्याच हिशोबाने ३६० पौंड वर द्यावे लागतात. पूर्ण व्यवस्थापनाची टक्केवारी देत असताना दुरुस्तीवर पुन्हा शुल्क लावायचे का, हे आधी ठरवावे, आणि शुल्क मान्य केलेच तर त्याला कमाल मर्यादा घालावी. विचारल्याशिवाय किती पौंडांपर्यंत खर्च करता येईल, ही मर्यादाही करारात लिहावी. ती फार कमी ठेवली, तर थंडीच्या दिवसांत हीटिंग बंद पडल्यावर भाडेकरू तुमच्या परवानगीची वाट पाहत बसेल. म्हणून तातडीच्या कामांसाठी वेगळी मर्यादा असावी. मूळ ठेकेदाराचे बिल दर वेळी पाठवावे, असेही लिहून घ्यावे.

पाचवे कलम करार संपवण्याचे. किती महिन्यांची नोटीस द्यावी लागेल, पहिले काही महिने बांधून घेतले आहेत का, आणि एजंट बदलल्यावरही भाडेकरू तोच राहिला तर काही रक्कम द्यावी लागेल का, हे पाहावे. नोटीस दोन महिन्यांपेक्षा जास्त नसावी. भाडेकरू मिळण्याआधीच तुमचा विचार बदलला, तर माघार घेण्याचे शुल्क किती, हेही विचारावे. घरी बसून किंवा ऑनलाइन सही केलेल्या करारातून ग्राहकाला सामान्यतः १४ दिवसांत माघार घेता येते. मात्र या काळातच काम सुरू करण्याची विनंती तुमच्या सहीने घेतली असेल, तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात.

एजंट भरवशाचा आहे का

इंग्लंडमध्ये लेटिंग एजंटचा व्यवसाय सुरू करण्यासाठी परवाना लागत नाही, ही गोष्ट भारतातून आलेल्या अनेकांना ठाऊक नसते. स्कॉटलंडमध्ये एजंटांची सक्तीची नोंदणी आहे आणि वेल्समध्ये रेंट स्मार्ट वेल्सचा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये कायद्याने दोनच मुख्य कवचे दिली आहेत. एक, एजंटने तक्रार निवारण योजनेचे सदस्य असले पाहिजे. हे १ ऑक्टोबर २०१४ पासून बंधनकारक आहे आणि प्रॉपर्टी ओम्बड्समन ही त्यातली सर्वांत परिचित योजना. दोन, घरमालकांचे पैसे हाताळणाऱ्या एजंटने क्लायंट मनी प्रोटेक्शन योजनेत असले पाहिजे. हे १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे. भाडे आधी एजंटच्या खात्यात जाते आणि मग तुमच्याकडे येते. मधल्या काळात एजंटचा व्यवसाय बुडाला किंवा त्याने पैसे लाटले, तर ही दुसरी योजना कामी येते. दोन्हींची नावे एजंटच्या संकेतस्थळावर असतात, पण तेवढ्यावर न थांबता त्या योजनेच्या स्वतःच्या यादीत एजंटचे नाव शोधावे. याला पाच मिनिटे लागतात.

परदेशात राहणाऱ्या घरमालकांसाठी

सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहणाऱ्याला कर खाते अनिवासी घरमालक मानते. अशा वेळी एजंटने खर्च वजा जाता उरलेल्या भाड्यातून आयकराच्या मूळ दराने (बेसिक रेट) कर कापून तो दर तीन महिन्यांनी कर खात्याकडे भरायचा असतो. एनआरएल१ हा अर्ज करून मंजुरी मिळवली, तर पूर्ण भाडे हातात घेता येते आणि कर वर्षाच्या विवरणपत्रात भरता येतो. मंजुरी म्हणजे करमाफी नव्हे. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी वेगवेगळा अर्ज करायचा असतो, आणि अनेकांचा एकच अर्ज गेल्यामुळे निम्म्या भाड्यावर कपात चालू राहते. या कपातीच्या आणि अहवालाच्या कामासाठी एजंट तिमाहीला वेगळे शुल्क घेतात, म्हणून भारतात परतण्याचा विचार असेल तर हा आकडाही तुलनेच्या कागदावर घ्यावा आणि अर्ज निघण्यापूर्वीच करावा.

घासाघीस कशी करावी

निदान तीन एजंटांना घरी बोलवावे आणि तिघांकडूनही व्हॅटसह लेखी दर घ्यावेत. दरपत्रकातले आकडे हे मागणीचे आकडे असतात आणि बहुतेक एजंट ते थोडेफार खाली आणतात. टक्केवारी कमी करा, असा मोघम आग्रह धरण्यापेक्षा नेमक्या शुल्कावर बोट ठेवलेले जास्त उपयोगी पडते: सुरुवातीचे शुल्क आणि इन्व्हेंटरी दोन्ही का, करार तयार करण्याचे पैसे सुरुवातीच्या शुल्कात का येत नाहीत, दुरुस्तीवरचे व्यवस्था शुल्क काढणार का. जास्त भाडे मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एजंटला त्या परिसरात नुकत्याच भाड्याने गेलेल्या तशाच घरांचे आकडे विचारावेत, कारण फुगवून सांगितलेल्या भाड्यामुळे घर एक महिना रिकामे राहिले, तर १,२०० पौंडांचे नुकसान होते आणि एजंटच्या दरातली दोन टक्क्यांची सवलत वर्षभरात जेमतेम २८८ पौंड वाचवते. तोंडी मान्य झालेली प्रत्येक सवलत करारात उतरली आहे की नाही, ते सही करताना पाहावे. ईमेलमध्ये कबूल केले आहे, एवढ्यावर विसंबू नये. भाडे हमी विमा विकण्याचा आग्रह झाला, तर विमा कंपन्यांकडून थेट दर मागवून मग ठरवावे.

शुल्क आणि आयकर

एजंटचे व्यवस्थापन कमिशन, इन्व्हेंटरी आणि दुरुस्त्या हे खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतात, त्यामुळे प्रत्येक पावती व्हॅटसह पूर्ण रकमेची जपून ठेवावी. १ मे २०२६ पूर्वी, ठरावीक मुदतीचे करार चालत असताना, घर पहिल्यांदाच एका वर्षाहून अधिक मुदतीसाठी दिले असेल, तर त्या पहिल्या करारासाठी झालेला खर्च भांडवली मानला जातो आणि उत्पन्नातून वजा होत नाही. गृहकर्जाचे व्याजही व्यक्तिगत घरमालकाला खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्याऐवजी आयकराच्या मूळ दराने करात सवलत मिळते. भाड्याचे उत्पन्न वर्षाला १,००० पौंडांच्या आत असेल तर त्यावर कर नाही, पण ही सवलत घेतली की खर्च वजा करता येत नाहीत, म्हणून एजंटला पैसे देणाऱ्यांना ती सहसा परवडत नाही. कर वर्ष ५ एप्रिलला संपते. पहिल्यांदाच भाडे मिळू लागले असेल तर त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याला कळवावे लागते आणि ऑनलाइन विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरावे लागते. एजंटकडून वर्षअखेरचे एकत्रित विवरणपत्र एप्रिलमध्येच मागून घ्यावे. काही एजंट त्याचेही शुल्क लावतात आणि ते शून्य करून घेण्याची योग्य वेळ करारावर सही करण्यापूर्वीची असते.